पाठीचा कणा आणि रोजची सुई

मंडळी, आजचे बोलणे हाडांविषयी आहे. म्हाताऱ्या बायकांनी जरा पुढे येऊन बसावे. भिंतीला टेकून बसले तरी चालेल. गोष्ट आधी त्यांची आहे. पुरुषांचीही आहे, पण त्यांच्याकडे आम्ही मागाहून वळू.

"हाडाची काडं करून संसार केला," असे आपल्या बायका म्हणतात. हे नुसते बोलणे नाही. काही जणींच्या हाडांची खरोखरच काडे होतात. हाड वरून धड दिसते, पण आतून पोकळ होत जाते. वाळवी लागलेल्या तुळईसारखे. भार पडला की तुळई मोडते, आणि मग कळते की आत काही उरलेच नव्हते. ह्या रोगाला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा शब्द पाठ करायची गरज नाही. आपण हाडांचा ठिसूळपणा म्हणू.

हाड म्हणजे दगड नव्हे. हाड जिवंत असते. मातीच्या घराची भिंत कशी असते? दर वर्षी जुना पोपडा आपण खरवडून काढतो आणि नवी माती लिंपतो. हाडातही हेच काम रात्रंदिवस चालते. काही पेशी जुने हाड खरवडतात. काही पेशी नवे हाड भरतात. पेशी म्हणजे शरीरातले बारीक कण, डोळ्यांना न दिसणारे. वयाच्या तिशीपर्यंत भरणारे जोरात असतात. पुढे खरवडणारे हळूहळू वरचढ होतात.

बायकांच्या अंगात पाळी चालू असेपर्यंत एक रस तयार होतो. तो खरवडणाऱ्यांना आवर घालतो. पाळी गेली की तो रस आटतो. मग चार-सहा वर्षे हाड फार वेगाने झिजते. म्हणून हा रोग बायकांत जास्त.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. तरण्याताठ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही बाजूंचे बीजकोशही काढले, तर तो रस त्याच दिवशी बंद होतो. तिशी-पस्तिशीच्या बाईचे हाड मग पन्नाशीच्या बाईसारखे झिजू लागते. ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी आपला कागद शोधून काढा. बीजकोश ठेवले की काढले, ते त्यावर लिहिलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. नाही लागले, तर आम्ही आहोतच.

आता पुरुष. दारू, विडी, तंबाखू ही हाडांना वाईट. आणि एक छुपा शत्रू आहे. गुडघेदुखीवर, दम्यावर कोणी बिननावाच्या पुड्या देतो. एका दिवसात आराम पडतो. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड नावाचे औषध कुटून घातलेले असते. ते महिनोन् महिने पोटात गेले की हाड पोखरते. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड कोणी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्यातही धोका आहे.

हा रोग ओळखायचा कसा? तो आधी दुखत नाही. हाड मोडेपर्यंत काहीच कळत नाही. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक आजी येत. वय एकाहत्तर. त्या एकदा तक्रार करू लागल्या, "दुकानदार आताशा लुगडं रुंद देतो. काठ भुईला लागतो." लुगडे रुंद झाले नव्हते. आजी चार बोटे बुटक्या झाल्या होत्या. पाठीला बाक आला होता. कळशी उचलताना एकदा पाठीत कळ आली होती. घरच्यांना वाटले चमक भरली. आपल्याकडे चमक भरली की पायाळू माणसाला बोलावतात आणि त्याचा पाय पाठीला लावतात. कोणी लहान पोराला पाठीवर उभे करून पाठ तुडवून घेतात. आजींचीही तुडवून घेतली.

ठिसूळ हाडाच्या माणसाची पाठ कधीही तुडवू नये. पाठीचा मणका म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चकत्या. आतून पोकळ झालेली चकती चेपते. पुढच्या बाजूने चेपली की माणूस पुढे वाकतो. आजींचा फोटो काढला तेव्हा तीन मणके चेपलेले निघाले. ह्यालाच मणक्याचे हाड मोडणे म्हणतात. पडायलाच हवे असे नाही. खोकल्याने, वाकल्याने, बैलगाडीच्या हिसक्यानेही मणका चेपतो.

पुढे जिल्ह्याच्या गावी डेक्सा नावाची तपासणी झाली. पाठीवर निजवतात, वरून यंत्र फिरते, दुखत काही नाही. त्याचा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली असला म्हणजे हाड ठिसूळ. आजींचा उणे ३.८ आला. आकडा खाली आणि हाडही मोडलेले, असे दोन्ही असले की रोग जबर समजतात. एक मणका मोडला की पुढच्या वर्ष-दोन वर्षांत दुसरा मोडण्याचा संभव फार वाढतो. म्हणून हयगय चालत नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. ते का, तेही सांगतो. पाठीचे हाड दुसऱ्या कारणांनीही खचते. मणक्याचा क्षय असतो, हाडाच्या मगजाचा कॅन्सर असतो. ताप येतो, वजन उतरते, रात्रीही पाठ ठणकते, तेव्हा नुसत्या म्हातारपणावर बोट ठेवून बसू नये.

आता औषधे. ती दोन जातींची. पहिल्या जातीची औषधे खरवडणाऱ्यांना थोपवतात. आठवड्याला एक घ्यायची गोळी असते. वर्षातून एकदा सलाईनमधून देण्याचे औषध असते. सहा महिन्यांनी घ्यायची एक सुई असते. ही औषधे झीज थांबवतात, आणि पुष्कळांना तेवढे पुरते. पण भिंत अर्धी ढासळली असेल, तर नुसती झीज थांबवून भागत नाही. नवी माती चढवावी लागते. ते काम दुसऱ्या जातीची औषधे करतात. त्यांतले आपल्याकडे जास्त वापरातले म्हणजे टेरिपॅराटाइड. ही रोज घ्यायची सुई आहे.

हिची हकिकत मोठी गमतीची आहे. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या हिंदुस्थानातला एक गेंडा मेला. रिचर्ड ओवेन नावाच्या विद्वानाने तो चिरून पाहिला. गेंड्याच्या गळ्यात त्याला एक लहानशी गाठ दिसली. तोवर तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. पुढे १८८० साली स्वीडनच्या सँडस्ट्रॉम याला तशाच गाठी माणसाच्या गळ्यात सापडल्या. गव्हाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार. त्यांतून जो रस पाझरतो तो रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, सांभाळतो. रक्तात चुना कमी पडला, तर तो हाडातून काढून देतो.

तुम्ही म्हणाल, हाडातून चुना काढणारा रस हाड कसे बांधील? आम्हांलाही हे नवल वाटले. पण शेतकऱ्याला ते समजायला जड जाऊ नये. पाणी शेतात साचून राहिले तर मुळे कुजतात. तेच पाणी पाळीपाळीने दिले तर पीक तरारते. हा रस सतत जास्त राहिला की हाड झिजते. रोज एकदाच, थोडा, टोचून दिला आणि लगेच ओसरला, तर हाड भरणारे जागे होतात. त्या रसाचा एक तुकडा कारखान्यात तयार करतात. तीच ही सुई.

गुण येतो का? २००१ साली एका मोठ्या पाहणीचा निकाल छापून आला. पाळी गेलेल्या १६३७ बायका तीत होत्या. सगळ्यांचे मणके आधी मोडलेले. काहींना खरी सुई दिली, काहींना नुसत्या पाण्यासारखी. कोणाला कोणती, ते त्यांना ठाऊक नव्हते. चुन्याच्या गोळ्या सगळ्यांना होत्या. पावणेदोन वर्षांच्या सुमारास पाहिले, तर पाण्याची सुई घेणाऱ्या शंभरातल्या चौदा जणींचे नवे मणके मोडले होते. आज देतात त्या मापाची खरी सुई घेणाऱ्या शंभरात पाच जणींचे. मग कोणी विचारील, पाण्याशी कसली तुलना, गोळीशी करा. तीही झाली. २०१८ साली तिचा निकाल आला. दोन वर्षांत गोळी घेणाऱ्या शंभरात बारा जणींचे मणके मोडले, सुई घेणाऱ्या शंभरात पाच जणींचे. म्हणजे सुई घेतली की हाड मोडणारच नाही, असे नाही. पण धोका निम्म्याहून खाली येतो. आणि हे मणक्याचे झाले. खुब्याच्या बाबतीत एवढा स्पष्ट फरक त्या पाहणीत दिसला नव्हता.

आता भीतीची गोष्ट. ती लपवणे बरे नव्हे, कारण गावात कोणीतरी ती सांगणारच. हे औषध उंदरांना दिले तेव्हा काहींना हाडाचा कॅन्सर झाला. ते उंदीर लहानपणापासून जवळजवळ जन्मभर सुई घेत होते, आणि मापही मोठे होते. २००२ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, तेव्हा खोक्यावर तसा ठळक इशारा छापला होता. पुढे पुष्कळ वर्षे माणसांवर लक्ष ठेवले. माणसांत तो कॅन्सर वाढलेला दिसला नाही. २०२० साली तो ठळक इशारा काढला. तरी काहींनी ही सुई घेऊ नये. ज्यांना पूर्वी कॅन्सरसाठी वीज दिली आहे त्यांनी नाही. ज्यांना हाडाचा कॅन्सर आहे किंवा होता त्यांनी नाही. रक्तातला चुना आधीच वाढलेला असेल त्यांनी नाही. मूत्रपिंड फार खराब असेल त्यांनी नाही. मुतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. आमच्या ओळखीच्या एका बाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी वीज दिली होती. त्यांना डॉक्टरांनी सुई नाकारली आणि वर्षाचे सलाईन दिले. त्यांचेही ठीक चालले आहे.

हाड बांधणारी आणखी एक सुई आहे, रोमोसोझुमॅब. ती महिन्यातून एकदा, एक वर्ष घेतात. वर्षाच्या आत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर ती घेऊ नये.

आजींच्या घरी ह्या सगळ्यावर खल झाला तेव्हा आम्ही हजर होतो. सुई महिन्याला काही हजारांची. तीही दोन वर्षे. मुलगा म्हणाला, "आये, पैशाचं मी बघतो." आजी म्हणाल्या, "माझे किती दिस राहिलेत आता? त्यो पैसा पोरीच्या शाळंला ठेव." सून काहीच बोलली नाही. तिला बोलते करायला वेळ लागला. कारण सासूचा खुबा मोडला, तर अंथरुणाला बसायचे कोणी? सुनेनेच. मजुरी बुडायची कोणाची? तिचीच. हे तिला सासूसमोर बोलवेना.

आम्ही कोणाची बाजू घेतली नाही. कागद घेतला आणि दोन हिशेब मांडले. एका बाजूला सुईचा खर्च, तपासण्या, जिल्ह्याच्या खेपा. दुसऱ्या बाजूला हाड मोडले तर होणारा खर्च, ऑपरेशन, आणि घरातल्या एका माणसाची बुडालेली मजुरी. खर्च दोन्हीकडे होता. फरक एवढाच की पहिला नक्की होता आणि दुसरा कदाचित होता. अशा वेळी हिशेब निकाल देत नाही. आजींनी कागद नातीकडून वाचून घेतला आणि बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्यानं उठवून बसवायची पाळी येऊ नये माझ्यावर. दुसरं काय मागणं न्हाई." मुलाने दोन-तीन दुकानांत चौकशी केली. कंपनी-कंपनीत भावाचा मोठा फरक निघाला. डॉक्टरांना विचारून स्वस्तातली घेतली.

पैशाची सोय झाली, तर फ्रिज नाही. ही सुई थंड ठेवावी लागते, २ ते ८ अंशांत. गोठली तर फुकट जाते. म्हणून थंड पेयांच्या दुकानातला, बर्फ धरणारा फ्रिज कामाचा नाही. शाळेतल्या बाईंच्या घरचा फ्रिज मिळाला. वीज गेली की दार उघडायचे नाही, असे त्यांनी पोरांना बजावले. नात रोज संध्याकाळी जाऊन आजींना तिकडेच घेऊन जाई. लेखणीसारखे यंत्र असते, त्यात औषध असते. मांडीत किंवा पोटावर कातडीखाली टोचतात. सुई रोज नवी. एक लेखणी २८ दिवस चालते, मग उरले असले तरी टाकून देतात. पहिले टोचणे नर्सबाईंनी शिकवले. पुढे नात टोचू लागली. वापरलेल्या सुया पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. उकिरड्यावर टाकायच्या नाहीत. डबा भरला की आरोग्य केंद्रात द्यायचा.

पहिले काही दिवस आजींना सुईनंतर उठताना भोवळ येई. म्हणून बसून टोचायचे आणि थोडा वेळ बसूनच राहायचे. पायांत गोळे येत. मळमळ झाली. ती दोन महिन्यांत कमी झाली. पाठीचा बाक गेला नाही, गेलेली उंचीही आली नाही. चेपलेली चकती पुन्हा फुगत नाही. लुगडे आता दोन बोटे वर खोचतात. पाठदुखी मात्र उतरली, आणि दोन वर्षांत नवा मणका मोडला नाही.

सुई संपली म्हणजे काम संपले, असे समजू नका. नव्या भिंतीला गिलावा केला नाही, तर पहिल्या पावसात माती वाहून जाते. हाडाचेही तसेच. टेरिपॅराटाइड बंद करून नुसते बसले, तर भरलेले हाड पुन्हा झिजते. म्हणून तिच्या मागोमाग पहिल्या जातीचे औषध घ्यावे लागते. आजी आता आठवड्याची गोळी घेतात. ती सकाळी अनशापोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही. त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. सहा महिन्यांची सुई ज्यांना चालू असेल त्यांनी तारीख चुकवू नये. ती चुकली, तर एकदम दोन-तीन मणके मोडू शकतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

खाण्याबद्दल बायका नेहमी विचारतात. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम चुना लागतो, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतो. पेलाभर दुधात दोनशेच्या वर. तिळात पुष्कळ. ऊन अंगावर घ्यावे. मिश्री सोडावी. पण मणके मोडलेल्या बाईला नुसती नाचणी पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणी नाचणी खाऊन सुई वाचवू म्हणेल, तर ते खरे नव्हे.

घरातही थोडे बदल करावे लागतात. पाठीत वाकून ओझे उचलायचे नाही. भरलेला हंडा नकोच, अर्धी कळशी दोनदा न्यावी. झाडू लांब दांड्याचा करावा. न्हाणीतल्या दगडावरचे शेवाळ घासून काढावे. रात्री उठायचे तर उशाशी बॅटरी ठेवावी. उंबऱ्याशी हाताला धरायला एक दांडा ठोकावा. आजींच्या मुलाने तो बैलगाडीच्या मोडक्या जूचा केला, आणि चांगला झाला. रोज चालावे. खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठावे. आधी पाच जमले तरी चालतील. घरात पडून राहिले, तर हाड आणखी झिजते.

आणि एवढे करूनही कोणी पडले, खुबा दुखतो आहे, पाय बाहेर वळला आहे, उभे राहवत नाही, तर हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेऊ नका. पाय हलवू नका. १०८ वर फोन लावा. खुब्याचे ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेले बरे. उशीर झाला की माणूस अंथरूण धरतो.

आता ज्या बायकांना आपली उंची कमी झाल्यासारखी वाटते त्यांनी थांबावे. दाराच्या चौकटीला आम्ही पट्टी लावली आहे. एकेकीने पाठ लावून उभे राहायचे. आधार कार्डावर उंची नसते, पण कोणाकडे जुना दवाखान्याचा कागद असेल, तर उद्या घेऊन या. त्याच्याशी ताडून पाहू.